कडव्या दिवसांत विकलेलं घर

पितृपक्षात घर विकायला काढू नये हे मला कोणी सांगितलं नाही, असं नाही. जो भेटला त्याने सांगितलं. दलालाने सांगितलं, दूधवाल्याने सांगितलं, पुण्याहून पोराने फोन करकरून सांगितलं. इकडचे लोक या पंधरवड्याला कडवे दिन म्हणतात. कडव्या दिवसांत ग्वाल्हेरात माणूस नवा बनियन घेत नाही, मकान कुठलं घेणार. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण कान माझे ठीक आहेत. ऐकलं सगळ्यांचं, केलं माझं.

घर शिंदे की छावणीत आहे. बापजाद्यांचं नाही, माझं. बाडा ते किला गेट सवाऱ्यांचा टेंपो चालवून मी ते उभं केलं. खाली एक मोठी शटरवाली खोली, त्यात टेंपो राहायचा. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, देव. त्यावर छत. जागा अरुंद होती म्हणून जिना मी मिस्त्रीकडून चांगला उभा घेतला. चढताना गुडघा छातीला लागतो. तेव्हा आम्ही दोघं धावत चढायचो, त्याचं काही वाटलं नाही.

आता हिचे गुडघे गेले. होळीला नैवेद्य दाखवायला खाली उतरली ती शेवटची. वर चढवताना शेजारच्या दोन पोरांनी हात दिला, ते तिला फार लागलं. गुडघ्याला नाही, मनाला. त्या दिवसापासून म्हणाली, मी उतरायचीच नाही, म्हणजे कोणाला चढवायला नको. देवळात जाणं बंद, हळदीकुंकू बंद. गल्लीतला गणपती आला आणि गेला, हिने खिडकीतूनच हात जोडले. पोरगा म्हणाला, आईला खालच्या खोलीत ठेवा. खालच्या खोलीला खिडकी नाही, न्हाणी नाही, आणि ऑइलचा वास फरशीत मुरलेला. ही म्हणाली, "मला काय टेंपो समजलास?"

मग ठाटीपूरकडे एका सोसायटीत तळमजल्यावरचा फ्लॅट कळला. एकही पायरी नाही. रस्त्यावरून सरळ दारात, दारातून सरळ स्वयंपाकघरात. त्याचे मालक पूर्वी रोज माझ्या टेंपोने कचेरीत जायचे. आता मुलीकडे राहायला चालले होते. ते म्हणाले, "भाऊ, घटस्थापनेपर्यंत तुमच्यासाठी थांबतो. नवरात्र लागलं की गिऱ्हाईक तुटून पडेल, मग मला थांबता येणार नाही." खरं बोलले, आणि माझ्याजवळ तो फ्लॅट घ्यायला हे घर विकण्याशिवाय दुसरा रस्ता नव्हता. म्हणजे घर विकायचं तर कोणी घर घेत नाही त्याच दिवसांत विकायला हवं. हा हिशेब चौथीवाल्यालाही जमतो.

दलाल आला. हाताशी मोबाईल, पायात टोकदार बूट. सगळीकडे फिरून त्याने फर्मान काढलं. एक, दार दक्षिणेला आहे, ते बंद करून बाजूच्या बोळात पूर्वेला काढा. दोन, मागच्या भिंतीला सीलन, म्हणजे ओल आहे, तिच्यावर क्रीम कलरचा डिस्टेंपर मारा, दिवाळीपर्यंत दिसणार नाही. तीन, आत्ता बोर्ड लावू नका, नवरात्रात लावा, धनतेरसला भाव चढतो.

"आणि दादा, बुरा मत मानना," आवाज खाली करून तो म्हणाला, "मकान दाखवायचं असेल तेव्हा अम्माजींना कुठेतरी पाठवा. घरात बीमार माणूस दिसला की गाहकाचं मन खट्टं होतं."

"ती बीमार नाही. तिचे गुडघे बीमार आहेत."

"वही तो."

"आणि ती खाली उतरू शकत असती तर मी घर विकलं असतं का?"

तो हसला. "तो क्रेन मंगवा लो."

आतून ही म्हणाली, "मागव रे बाबा. बघू तरी किल्ला कसा दिसतो लोंबकळताना."

तो आणखी हसला, मी नाही हसलो. मी त्याला जिना दाखवला. त्याला आपले टोकदार बूट माझ्या पायऱ्यांवर तिरपे ठेवावे लागले, एवढं समाधान.

दाराचं सांगतो. प्लॉटला रस्ता दक्षिणेचा, म्हणून दार दक्षिणेचं. माणूस रस्त्याकडे तोंड करूनच राहतो. पंडित लोक तेव्हाही म्हणाले होते की ती यमाची दिशा. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्खनहून आले. जिकडून आलो तिकडे तोंड करायला मला कसली भीती? या दारातून माझी बायको सून म्हणून नाही, मालकीण म्हणून आत आली. पोरगा याच दारातून शाळेत गेला, नोकरीला गेला. यम आला असेल तर मला भेटला नाही, मी टेंपोवर असेन.

दुसऱ्या दिवशी मी टेंपोच्या उरलेल्या पिवळ्या रंगाने पत्र्यावर स्वतः बोर्ड लिहिला. अक्षर माझं वाकडं आहे, पण दुरून वाचता येतं. हिंदीत लिहिलं, कारण वाचणारे हिंदीवाले. मकान बिकाऊ है। दरवाज़ा दक्षिण। पीछे सीलन है। ज़ीना खड़ा है। जिसको चले वही आए।

हिने विचारलं, काय लिहिलंत? वाचून दाखवलं. म्हणाली, "नवऱ्याला दमा आहे, तेही लिहायचं."

"मी विकायला नाहीये."

"कोणी घेणारही नाही."

गल्लीतल्या कोणीतरी बोर्डाचा फोटो काढला आणि तो फिरत फिरत पुण्याला पोचला. पोरगा फोनवर पेटला. चिडला की तो हिंदीत शिरतो, लहानपणापासून. "बाबा, लोग हँस रहे हैं. घर असं विकतात का? कमियाँ कौन लिखता है? आणि तेही पितृपक्षात. थोडं थांबा ना, मी दिवाळीला येतो, ऑनलाइन टाकतो, अच्छे फोटो लेके."

"दिवाळीला फ्लॅट राहणार नाही."

"दूसरा मिल जाएगा."

"तुझी आई दुसरी मिळेल का बघ," मी म्हणालो आणि फोन ठेवला. जरा जास्त बोललो, पण परत घेतलं नाही.

दिवस जात होते. बोर्ड बघायला लोक थांबत, हसत, पुढे जात. घर बघायला कोणी आलं नाही. फ्लॅटवाल्या साहेबांचा एकदा फोन आला, "भाऊ, काही जमतंय का?" मी म्हटलं, जमतंय. काहीच जमत नव्हतं.

मग माझ्या वडलांची तिथ आली. आमच्यात तिथीला पितर म्हणून एक माणूस बसवतात. त्याचे पाय धुवायचे, पाटावर बसवून पोटभर जेवू घालायचं, पाया पडायचं, टॉवेल-टोपी आणि नारळ द्यायचा. जेवतो तो माणूस, पोचतं बापाला. वर्षानुवर्षं माझा एक दोस्त बसायचा, बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा तो. वडलांसारखाच अंगाने आडवा, आणि खायलाही तसाच. यंदा तो खाटेवर पडून. म्हणाला, "मी नाही येऊ शकत. माझा भाचा मुरैनाहून येतोय, त्याला पाठवतो. तू बघितला नाहीस त्याला, पण खातो चांगलं."

हिने पहाटेपासून स्टुलावर बसून स्वयंपाक केला. वडे, खीर, कढी, गवारीची भाजी, भोपळा, आमसुलाची चटणी. आमसुलं तिची बहीण इंदूरहून पाठवते. छतावर कावळ्याचा घास ठेवून मी खाली शटरपाशी उभा राहिलो. ऊन डोक्यावर आलं. तेवढ्यात एक चाळिशीतला माणूस मोटारसायकलवरून उतरला. पांढरा कुर्ता, कपाळाला टिळा, अंगाने चांगला भरलेला. बोर्डाकडे बघून मग माझ्याकडे बघितलं.

"बाबूजी, मैं मुरैना से..."

"किती उशीर," मी म्हणालो. "वरती सगळं गार होतंय. चला."

"जी, वो मैं..."

"बोलणं नंतर. आधी पाय."

जिन्याच्या तोंडाशी तांब्या ठेवलाच होता. मी त्याचे पाय धुतले. तो एकदम मागे सरकला, म्हणाला, "अरे अरे बाबूजी, ये क्या कर रहे हैं," मी पाय धरून ठेवला. आजकालच्या पोरांना रीत माहीत नसते.

"मराठी येत नाही का?" मी विचारलं.

"नहीं बाबूजी."

"लाज वाटू दे. मामाला सांगणार आहे तुझ्या."

"मामाजी को?" तो म्हणाला. चेहरा असा केला की याला मामाची भीती आहे, असं मला वाटलं.

वर पाटावर बसवलं. हिने पानात वाढलं. तो एकदा माझ्याकडे बघे, एकदा पानाकडे. मी हात जोडून समोर बसलो होतो. माणूस भुकेला असावा, पहिला वडा मोडल्यावर त्याने इकडेतिकडे बघणं सोडलं. खीर तीनदा घेतली. आमसुलाच्या चटणीवर डोळे मिटले. ही दारातून मला खूण करत होती, बघा, मामंजी असेच खायचे. खरंच असेच खायचे. मी हिला आणखी एक वडा वाढायला खुणावलं.

जेवण झालं. मी टॉवेल, टोपी, नारळ हातात दिला आणि पाया पडलो. माझ्या पोरापेक्षा लहान माणूस. हिला वाकता येत नाही, तिने बसल्या जागेवरून हात जोडले. तेव्हा तो उठून उभाच राहिला.

"बाबूजी, माफ करना," तो म्हणाला, "आप लोगों के यहाँ मकान दिखाने से पहले इतना सब करते हैं क्या?"

मी म्हणालो, "काय?"

"मैं तो मकान देखने आया था. बाहर बोर्ड पढ़ा."

मी त्याच्या हातातल्या टोपीकडे बघितलं. मग जिन्यावर पावलं वाजली आणि एक बारीक, काडीसारखा पोरगा धापा टाकत वर आला. "काका, मामाने पाठवलंय. बस नाही मिळाली." पाटाकडे बघून म्हणाला, "झालं का?"

ही आधी हसली. तोंडाला पदर लावून हसली, मग पदर सोडून हसली. स्टूल हलायला लागलं. मग मुरैनावाला हसला, मग तो काडी पोरगाही, कशावर ते न कळता. मी नाही हसलो. पितर जेवले होते, कावळा शिवून गेला होता, माझं काम झालं होतं. काडी पोरग्यालाही वाढलं. दोस्त खोटं बोलला होता, भाच्याने खाल्लं काहीच नाही.

मुरैनावाल्याचं काम गजकचं. तीळ आणि गूळ कुटून कुटून पापुद्रे काढतात ती गजक. थंडी पडायच्या आत त्याला ग्वाल्हेरात जागा हवी होती, भट्टी बसवायला आणि कुटाई करायला. गजकचा धंदा थंडीचा, दिवाळीनंतर जागा शोधून काय करायचं? म्हणून तोही कडव्या दिवसांतच हिंडत होता. दोघांना एकाच घड्याळाने घाई लावली होती.

मी त्याला सगळं दाखवलं. सीलनवर त्याचा हात धरून लावला. "ही दर पावसाळ्यात येते. मी कितीदा सिमेंट मारलं, ती पुन्हा येते. पुढेही येईल." जिना दाखवला. दार दाखवलं.

"मकानाला दक्षिण चालत नाही म्हणतात," मी म्हणालो. "चालत नसेल तर आत्ताच सांगा. दार मी हलवणार नाही."

"दुकान को दक्षिण क्या," तो म्हणाला. त्याचं लक्ष शटरवाल्या खोलीवर होतं. उंची बघत होता, फरशीवर टाच आपटून बघत होता. टेंपोच्या वजनाने न फुटलेली फरशी, कुटाईला काय होणार तिला.

मग भावाची वेळ आली आणि दोघं अडकलो. दलालाने शिकवलं होतं, चढवून सांगा, मग उतरा. पण ज्याच्या आत्ताच पाया पडलो, ज्याच्या पोटात बापाचं जेवण, त्याला चढवून सांगू कसं? मी खरा आकडा सांगितला, मनात शेवटचा म्हणून धरलेला. तो कमी करायला तोंड उघडणार, तेवढ्यात हातातल्या नारळाकडे बघून त्याने ते मिटलं.

"बयाना नवरात्रि में दूँगा," शेवटी तो म्हणाला. "कनागत में पैसा दिया तो अम्मा घर से निकाल देगी. पहले दिन आऊँगा. ज़बान है."

कनागत म्हणजे त्यांच्याकडचा पितृपक्ष. मी म्हणालो, चालेल.

गल्लीने मला खाल्लं. शेजारचे शुक्लाजी गच्चीवरून विचारतात, "दादा, पितर बिठाया किसको? कौन लोग थे, पूछा भी था?" मी म्हणालो, जेवणारे लोक होते. ते म्हणाले, नहीं, मतलब... मी म्हणालो, मतलब मला कळतो. आजपर्यंत मी विचारलं नाही, विचारणारही नाही. माझ्या बापाला कढी पोचली की नाही, हे शुक्लाजींना कळणार आहे का?

पुण्याहून पोरगा म्हणाला, "कुछ लिखवा के लिया?"

"नाही."

"ॲडव्हान्स?"

"नाही."

"बाबा, तो नाही आला तर? फ्लॅट भी जाएगा."

"येईल."

"कशावरून?"

मी फोन ठेवला. साहेबांनाही मी तेच सांगितलं, माणूस येणार आहे. ते म्हणाले, "ठीक आहे भाऊ, पण पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत. मग मी दुसऱ्याला हो म्हणतो." दुसरा तयारच होता.

घटस्थापनेच्या दिवशी हिने घट बसवले आणि खिडकीत जाऊन बसली. मी खाली शटरपाशी. सकाळ गेली. दुपार गेली. जाणारेयेणारे बोर्डाकडे बघायचे, मग माझ्याकडे. मी छाती काढून बसलो होतो, आत काय चाललंय ते माझं मला माहीत. 

ऊन कललं तेव्हा तो आला. मागे मोटारसायकलवर त्याची आई, डोक्यावर पदर, हातात काठी. उतरताच तिने काठीने दार ठोकून बघितलं.

"दक्खिन," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

"सीलन भी?"

"ती पण."

ती मुलाकडे वळली. "मैं तो मना कर देती. पर ये नालायक दूसरों का कनागत खा आया है. पाँव धुलवा के, टोपी पहन के. अब किस मुँह से मना करेगा?" मुलगा खाली मान घालून उभा. मग ती माझ्याकडे वळली. "मैंने नहीं खाया है, भैया. मैं भाव करूँगी."

माझ्याशी नाही केला. काठी टेकत जिना चढली, दर पायरीवर माझ्या जिन्याला एक शिवी देत. वर हिच्या समोर बसली आणि दोघींनी सुरू केलं. मी आणि तो मुरैनावाला खालच्या पायरीवर बसलो. वरून ऐकू येत होतं. एकीची मुरैनाकडची बोली, दुसरीची मराठी.

"जीना है कि पहाड़."

"मी इतकी वर्षं चढले ना? तुझ्या मुलाचे पाय तरुण आहेत."

"भीत रोती है तुम्हारी."

"तुझ्या भट्टीने वाळेल."

"कुछ तो छोड़ो."

"काय सोडू, घर सोडतेय ना?"

 मग म्हातारीचा आवाज आला, हळू, "कब से नहीं उतरीं?" आणि हिने सांगितलं. मला ते ऐकायचं नव्हतं, म्हणून मी उठून बोर्ड काढायला लागलो. म्हातारी वरून ओरडली की बयाना दे. थोडं कमी करून घेतलंच तिने. नंतर ही म्हणाली, रिकाम्या हाती गेली असती तर रात्रभर झोपली नसती. मी म्हणालो, आणि आपण? ती म्हणाली, आपण झोपू.

मी त्याच संध्याकाळी साहेबांकडे गेलो. दिवा लागायच्या आत.

घर सोडायच्या दिवशी पोरगा आला होता. त्याने आणि गल्लीतल्या पोरांनी खुर्चीला बांबू बांधले, आईला पालखीसारखं उतरवायचं म्हणून. ही खुर्चीकडे बघून म्हणाली, मी मेले नाही अजून. बसूनच एकेक पायरी घसरत उतरली. लुगडं खराब झालं, मध्ये दोनदा थांबली, एकदा मला शिवी दिली जिन्यासाठी. मी पुढे होतो, उलटा उतरत, हात पसरून. तिने हात एकदाही धरला नाही. खाली आल्यावर म्हणाली, "सरका आता."

दार तसंच आहे. मुरैनावाल्याने हलवलं नाही. उद्या हलवलं तर त्याचं घर आहे.

फ्लॅटमधल्या पहिल्या आठवड्यात एकदा मी दुपारचा झोपून उठलो तर ही घरात नाही. न्हाणीत नाही, स्वयंपाकघरात नाही.  अनवाणीच बाहेर धावलो. सोसायटीच्या गेटपाशी सिमेंटच्या बाकावर बसली होती, चार बायकांच्या मधोमध, हातवारे करत कोणाची तरी गोष्ट सांगत. सगळ्या हसत होत्या. मी जवळ गेलो तशा गप्प झाल्या, म्हणजे गोष्ट माझी होती.

"सांगून यायचं नाही का?" मी म्हणालो.

"झोपला होतात," ती म्हणाली. "आता उठलाच आहात तर जाऊन भात टाका. मला वेळ आहे."

मी भात टाकला. जरा करपला. ती अंधार पडल्यावर आली, आणि जेवली.